हरणाऱ्याने लेस सोडायची

माझ्या बहिणीने आयुष्यात बऱ्याच जणींची तोंडं फोडली, पण त्यातल्या एकीशीही तिचं वैर नव्हतं. माझं उलटं आहे. मी मोजक्या लोकांना मारलं आणि ते सगळे आजही मला बघून रस्ता बदलतात. आम्ही एकाच आईच्या पोटचे, त्याच दोन खोल्यांत वाढलेलो, त्यामुळे दोष घराण्याला देता येत नाही. आईने तसा प्रयत्न करून पाहिला. मी कुणाला ठोकून आलो की ती म्हणायची, "बापावर गेलाय." ताई कुणाला ठोकून आली की म्हणायची, "हीसुद्धा बापावरच गेलीय." बाप बिचारा टेलिफोनच्या खांबांवर चढायचं काम करायचा आणि पालीला घाबरायचा.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होती. लॉन्ड्री तळघरात. वरच्या मजल्यांवरून चादरींची गाठोडी घसरत खाली यायची, रक्ताने, पुवाने आणि आणखी कशाकशाने माखलेली. गाठोडं सोडताना आधी झटकायचं, कारण आत सुई निघायची, कात्री निघायची, एकदा तर एक आख्खी दाढ निघाली होती. मग धुलाई, मग वाफेची इस्त्री. इस्त्रीचा वरचा पाट दरवाजाएवढा. चादर ताणून धरायची, पाट खाली ओढायचा आणि वाफ तोंडावर घ्यायची. चुकलं तर हात भाजायचा. ताईच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे पट्टे होते. माझा धंदा गाड्यांचे पोचे काढायचा. म्हणजे दोघंही दिवसभर वाकडं ते सरळ करत होतो. फरक एवढाच, की मी ते हातोड्याने ठोकून करत होतो आणि तेच माझं एकमेव शिक्षण होतं.

बॉक्सिंगमध्ये आधी मी गेलो. बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यात मास्तरांचा हॉल होता. मास्तर म्हणजे निवृत्त क्रेन ड्रायव्हर, एक कान चपटा झालेला, बोलणं कमी. त्यांच्या हॉलचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला ते दाराबाहेर काढत. ग्लोव्हजच्या लेस मनगटाशी बांधलेल्या असतात. ज्याने ते घातलेत त्याला स्वतःच्या लेस सोडता येत नाहीत, दुसऱ्याचे हात लागतात. मास्तरांकडे जिंकणाऱ्याच्या लेस हरणाऱ्याने सोडायच्या. आधी त्याचे स्वतःचे ग्लोव्हज कोपऱ्यातला माणूस काढणार. मग त्याने समोर जायचं, नाकातून रक्त गळत असेल तर गळू द्यायचं, ज्या हातांचा मार खाल्ला ते हात आपल्या हातात घ्यायचे आणि गाठ सोडायची. ऐकायला सोपं वाटतं. मी सांगतो, त्यापेक्षा मार खाणं सोपं.

पंधराव्या वर्षी मला सलूनमध्ये काम करणाऱ्या एका हडकुळ्याने बदडलं. असं बदडलं, की मला दोन हडकुळे दिसायला लागले आणि दोघंही मारत होते. लढत संपल्यावर मी त्याच्या लेस सोडायला गेलो. तो हसून म्हणाला, "सावकाश रे, गाठ घट्ट आहे." त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो. सोडेचना. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडेना. मास्तरांनी केसांना धरून मला ओढत नेलं आणि दाराबाहेर फेकलं.

ताई मला जेवायला बोलवायला आली होती. तिने सगळं पाहिलं. सरळ आत गेली, त्या हडकुळ्याला म्हणाली, "माझ्या भावाचं चुकलं," आणि त्याचे रक्ताळलेले हात धरून लेस सोडायला लागली. घामाने भिजलेली, आवळून बसलेली गाठ तिच्या बोटांनी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुटली. मास्तर त्या बोटांकडे बघत राहिले.

"उद्यापासून तू येत जा," ते म्हणाले. "आणि या जनावराला आणायचंच असेल तर बांधून आण."

अशी ताई बॉक्सर झाली आणि मी तिच्या कोपऱ्यातला माणूस. बादली, टॉवेल, पाणी, व्हॅसलीन हे माझं खातं. ताई ज्या जागी अंगठा ठेवायला सांगेल तिथे ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. पहिलं जमलं.

पहिल्याच वर्षी तिचं नाक मोडलं. मी ते जागेवर बसवताना जो आवाज आला तो मला गाडीच्या बॉनेटमधून अनेकदा ऐकू आलाय. आई म्हणाली, "जाऊ दे, आता लग्नासाठी फोटो एकाच बाजूने काढू." दुसऱ्या वर्षी एका मासळीवालीने ताईला दोनदा जमिनीवर पाडलं. दोन्ही वेळा ताई उठली आणि उठून परत मार खाल्ला. हरली. मग तिच्यासमोर उभी राहून तिच्या लेस सोडल्या आणि म्हणाली, "तुझा डावा काय सुंदर येतो गं. दिसतच नाही." घरी येऊन मोरीत बसून लाल पाणी ओकली. सकाळी सातला लॉन्ड्रीत हजर.

"तुला लाज कशी वाटत नाही?" मी विचारलं होतं.

"मारलं तिने," ताई म्हणाली. "लाज मला कशाची?"



बारा वर्षं अशी गेली. शेवटच्या दोन वर्षांत ताईला खोकला लागला. वाफ आणि ब्लीचिंगचा वास छातीत बसला होता. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून स्पष्ट सांगितलं, "त्या तळघरातून बाहेर पड. औषध वगैरे नंतर बघू." सांगणं सोपं. बाहेर पडून जायचं कुठे? लॉन्ड्रीशिवाय तिला कोण उभं करणार होतं?

आणि तेव्हाच अग्निशमन दलाने महिलांचा बॉक्सिंग संघ काढला. ताईच्या वजनात एकच जागा. निवडीची अंतिम लढत जिंकेल तिला दलात कायमची नोकरी, उजेडात, मोकळ्या हवेत. वयाची अट तिशीच्या आत. ताईला तीस पुरी व्हायला चार महिने होते. तिने त्या जाहिरातीची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली होती. मला ते दिसलं नाही असं तिला वाटत होतं.

अंतिम लढतीत समोर आली ती एका बेकरीत कणीक मळणारी. वय तेवीस, दंड माझ्या मांडीएवढे. तिलाही ती नोकरी हवी असणार, तिच्याही घरी कुणीतरी डोळे लावून बसलं असणार. हे मला आज सुचतं. त्या दिवशी मला ती फक्त ताईच्या वाटेतली धोंड दिसत होती.

तीन राउंडची लढत, मास्तरांच्याच हॉलमध्ये. पहिला ताईचा. तिने बेकरीवालीच्या पोटात असे काही ठोसे घातले, की पहिल्या रांगेतले लोक स्वतःचं पोट धरून बसले. दुसऱ्या राउंडमध्ये बेकरीवाली मिठीत शिरली आणि तिने खालून कपाळ वर आणलं. ताईची डावी भुवई उघडली. आतलं पांढरं हाड मला माझ्या जागेवरून दिसलं. मग तिथे रक्त भरलं आणि हाड दिसेनासं झालं. पंचांना वाटलं चुकून लागलं. पंच म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे एक किरकोळ अंगाचे गृहस्थ, चष्मा बाजूला काढून ठेवून आलेले.

"मुद्दाम मारलं तिने!" मी ताईच्या भुवईवर अंगठा दाबत ओरडलो. "सगळ्या हॉलने पाहिलं!"

"रक्त थांबव," ताई म्हणाली. "वकिली नको."

तिसऱ्या राउंडमध्ये ताईने तिला दोरांवर नेलं. एक पोटात, एक बरगडीत, परत पोटात. बेकरीवालीचे हात खाली आले. उजवा कान फुटला होता, ओठ लोंबत होता, पण पोरगी पडत नव्हती. चाळीस सेकंद उरले होते. ताई इतकी पुढे होती, की नुसती उभी राहिली असती तरी जिंकली असती. तेवढ्यात बेकरीवालीने तिला कवटाळलं आणि परत कपाळ हाणलं, त्याच भुवईवर. पंच पलीकडच्या बाजूला होते. ताईच्या तोंडावर रक्ताचा पडदा आला, तिला दिसेना, आणि आंधळ्या माणसाला मारावा तसा बेकरीवालीचा उजवा तिच्या जबड्यावर बसला. ताई एका गुडघ्यावर गेली.

पंचांनी मोजायला सुरुवात केली.

आता नियम सांगतो, तो मला पाठ होता. राउंड चालू असताना कोपऱ्यातला माणूस रिंगमध्ये शिरला, की त्याचा खेळाडू बाद. कारण काहीही असो. ताईनेच मला तो शंभरदा सांगितला होता. गुडघ्यावर बसल्या बसल्या तिने माझ्याकडे पंजा दाखवला, म्हणजे थांब, मी ठीक आहे. तो पंजा मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणायची माझी सोय नाही.

पण तोवर मी दोर ओलांडले होते. पंच "चार" म्हणत होते. त्यांचं तोंड चारसाठी उघडलेलं असतानाच माझी मूठ त्यात गेली. दोन दात माझ्या बोटांच्या पेरांत रुतले आणि ते गृहस्थ पोतं पडावं तसे पडले. मी वळलो तर ताई उभी होती. पाच व्हायच्या आतच उठली होती. एक डोळा बंद, दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे असं कधीच कुणी बघितलं नव्हतं. मला माराची सवय होती, त्या बघण्याची नव्हती.

मग हॉल पेटला. बेकरीवालीचे दोन भाऊ दोरांवरून आत आले. पहिल्याने स्टूल माझ्या पाठीत घातलं, मी पालथा पडलो, मग बूट. बरगड्यांवर, मानेवर, कानावर. एक बरगडी मोडलेली मला कळली, कारण श्वास आत जाताना अडकायला लागला. बाहेर खुर्च्या उडत होत्या, आमच्या गल्लीतली पोरं त्यांच्या गल्लीतल्या पोरांना भिंतीवर आपटत होती. माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना मला ताईचे पाय दिसले. ती माझ्यावर उभी होती.

"लढत संपली," ती त्या भावांना म्हणाली. "खाली उतरा."

मोठ्या भावाने तिला गुद्दा मारला. तिने तो चुकवला, पण उलटा मारला नाही. त्याने परत मारला, तो तिच्या खांद्यावर बसला. तरी नाही. ग्लोव्हज अजून तिच्या हातात होते, तो माणूस पूर्ण उघडा उभा होता, एका ठोशात ती त्याला झोपवू शकली असती. मी खालून ओरडलो, "मार ना!" ती नुसते हात वर धरून मार झेलत राहिली.

शेवटी मास्तरांनी हातोडी घेतली आणि घंटा बडवायला सुरुवात केली. एकदा नाही, थांबेचनात. आणि गंमत म्हणजे हात थांबले. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना घंटा झाली की हात खाली, ही सवय हाडात मुरलेली. भाऊही त्यातलेच. ते धापा टाकत उभे राहिले आणि आपण काय करत होतो ते त्यांनाच आठवेना.

ताई बाद झाल्याचं जाहीर झालं. बेकरीवालीचा हात वर करायला पंच शुद्धीवर नव्हते, तो मास्तरांनी केला. मग ताईने मास्तरांकडून आपले ग्लोव्हज काढून घेतले आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे चालायला लागली. मी तिथेच जवळ पडलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. बेकरीवाली डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. ताईला बघून तिने हात मांडीखाली लपवले.

"हात पुढे कर," ताई म्हणाली.

"नको."

"कर गं. उभं राहवत नाहीये मला."

तिने हात पुढे केले. ताई गाठ सोडत होती आणि तिच्या भुवईतलं रक्त लेसवर ठिबकत होतं. बेकरीवाली हळूच म्हणाली, "मी डोकं मुद्दाम मारलं. दोन्ही वेळा."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "दुसरा हात."

आठवड्याने दलाच्या कचेरीत चौकशी बसली. आदल्या दिवशी मास्तर घरी आले. त्यांनी वाट शोधून काढली होती. फॉर्मवर कोपऱ्यातल्या माणसाच्या रकान्यात त्यांनी घाईत नुसतं 'भाऊ' लिहिलं होतं, माझी सही घ्यायची राहिली होती. ताईने एवढंच म्हणायचं, की हा प्रेक्षकांत बसला होता, तिथून उठून आला. मग ती बाद ठरत नाही. लढत परत होईल.

"आणि बाहेरच्या माणसाने पंचाला मारलं म्हणून याला पोलीस नेतील," आई म्हणाली.

"नेऊ देत!" मी म्हणालो. "ताई, तू म्हण. तुझ्या पाया पडतो." मी खरंच पडलो. बांधलेल्या बरगडीसकट. आयुष्यात दुसऱ्यासाठी काही मागायची माझी ती पहिलीच वेळ होती. ताई खोकत राहिली. मला वाटलं, म्हणेल.

चौकशीला टेबलामागे तिघं, एका बाजूला पंच तोंडावर रुमाल धरून, दुसऱ्या बाजूला बेकरीवाली. मधल्या साहेबांनी ताईला विचारलं, "हा माणूस तुमच्या कोपऱ्यात होता की प्रेक्षकांत?"

"कोपऱ्यात," ताई म्हणाली. "बारा वर्षं आहे."

मास्तरांनी डोळे मिटले.

"समोरच्या खेळाडूबद्दल तुमची काही तक्रार?"

ताईच्या भुवईवर नऊ टाके होते. तिने बेकरीवालीकडे पाहिलं. बेकरीवाली फरशीकडे बघत होती, मान इतकी खाली, की चेहरा दिसेना.

"डोकं लागलं," ताई म्हणाली. "या खेळात लागतं."

मग तिने मला पुढे ढकललं आणि मी पंचांची माफी मागितली. ते काहीतरी म्हणाले, पण पुढचे दात नसल्याने शब्द नीट आले नाहीत. बहुतेक चांगलंच म्हणाले असावेत. मला एक वर्षाची बंदी झाली. ताई बादच राहिली.

जिन्यात आल्यावर माझा संयम सुटला. "तिने स्वतःच्या तोंडाने तुला सांगितलं होतं! मी ऐकलंय! ते का नाही बोललीस?"

"मला सांगितलं होतं," ताई म्हणाली. "कमिटीला सांगायचं असतं तर ती तिथेच बसली होती."

मी भिंतीवर मूठ मारली. मधल्या बोटाचं हाड मोडलं, कट्‌कन आवाज झाला. "मीच जातो आत. सांगतो, मी प्रेक्षकांत होतो, बहीण मला वाचवायला खोटं बोलतेय." मी वळलो तर ताईने माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर असं आदळलं, की मोडकी बरगडी परत मोडली असं वाटलं. बारा वर्षांत तिने मला पहिल्यांदा हात लावला होता.

"एक पाऊल टाकलंस तर बघ," ती म्हणाली.

मग कॉलर सोडून ती पायरीवर बसली. तोंडावर दोन्ही हात घेतले. आधी मला वाटलं खोकतेय. खोकतही होती. मोडलेलं नाक जागेवर बसवताना जी हूं की चूं करायची नाही, ती माझी बहीण सरकारी कचेरीच्या जिन्यात हमसून हमसून रडत होती.

"मला ती नोकरी हवी होती रे," ती म्हणाली. "मला नाही जायचं परत त्या तळघरात."

तिचं जे गेलं ते मी माझ्या हाताने घालवलं होतं, आणि त्या हाताला आता तिच्या खांद्यावर ठेवण्याचीही लायकी उरलेली नव्हती.

वरून पावलं आली. बेकरीवाली उतरत होती, हातात नेमणुकीचा कागद. आम्हाला बघून ती पाच पायऱ्या वर थबकली. मला वाटलं, ताई तोंड फिरवेल. तिने पदराने तोंड पुसलं, कठड्याला धरून उठली आणि बाजूला सरून वाट दिली.

"तुझा डावा गुडघा आत वळतो," ती बेकरीवालीला म्हणाली. "रिंगमध्ये पाहिलं मी. तिथे शिडी चढायची असते. आधी उजवा पाय टाकत जा, नाहीतर पडशील."

मान हलवून बेकरीवाली भरभर खाली गेली. तिला मी अजून माफ केलेलं नाही. ताईने केलं, ते ताईचं ताई जाणे.

त्यानंतर मी कुणावर हात उचललेला नाही. यात माझं काही मोठेपण नाही. उचलायला जातो आणि जिन्यातलं ते रडणं आठवतं, एवढंच. ताई दुसऱ्या दिवशी सातला लॉन्ड्रीत गेली आणि पुढे अकरा वर्षं जात राहिली. आता ती घरी असते. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथवर चढताना तिला मध्ये दोनदा बसावं लागतं, आणि ती उठेपर्यंत मी खालच्या पायरीवर थांबतो.